अक्कांचे दोन महिने

आमच्या अक्कांनी माझ्यादेखत कुठल्या लेकराचं खरं वय कधी सांगितलं नव्हतं. तशा त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. डेअरीच्या दुधात थेंबभर पाणी घालणार नाहीत, उसनी आणलेली वाटीभर साखर शिगोशीग भरून परत करतील. पण कडेवरच्या पोराकडं बघून कुणी विचारलं, "किती महिन्यांचं झालं गं?" की दोन महिने कमी करून सांगणार. पाचाचं असलं तर तीन, नवाचं असलं तर सात. "लेकराचं वय आणि म्हशीचं दूध, पुरं सांगू नये," असं त्यांचं म्हणणं. ही म्हण गावाची का त्यांची एकटीची, ते मला अजून कळलेलं नाही.

अक्का म्हणजे चंदनबाला, माझी थोरली जाऊ. मी लीला, धाकटी. सांगलीपासनं तासाभरावरच्या गावात आमची शेजारी शेजारी दोन घरं, मधे एकच अंगण. त्यांची चूल निराळी, माझी निराळी, भांडण तेवढं एकत्र. अक्का दिवस मावळायच्या आत जेवतात, चतुर्दशीला उपास धरतात, पहाटे उठून दोन म्हशींची धार काढतात आणि हळदीच्या काढणीला ह्या वयातही बायकांच्या पुढं असतात. बोलतात कमी. ती कसर मी भरून काढते असं माझा नवरा म्हणतो, आणि त्याला दुसरं काही काम नसतं.

माझा मुलगा बाहुबली अकरा महिन्यांचा होऊन चालायला लागला तेव्हाची गोष्ट. अक्का त्याला घेऊन बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गेल्या आणि सगळ्यांना त्यांनी नऊ महिने सांगितले. झालं. नऊ महिन्यांचं पोर तुरुतुरु चालतंय म्हणून गल्लीतल्या बायका बघायला आल्या, पार खालच्या आळीतनं आल्या. नजर लागू नये म्हणून वय कमी करायचं आणि त्यामुळंच पोर वयाच्या मानानं वस्ताद दिसायचं, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, "अक्का, ह्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं." त्या म्हणाल्या, "तू गप." आणि मीठ-मोहरी आणून पोरावरनं उतरून टाकली.

मी गप बसणाऱ्यातली नाही, पण त्या एका बाबतीत बसले. कारण मला गोमटेश माहीत होता. बघितलेला नव्हता, सासूबाईंनी सांगितलेला. अक्कांचा पहिला मुलगा. मी लग्न होऊन यायच्या आधीच गेला. पोर अंगानं भरलेलं, धरून उभं राहणारं. गावात मोठी पूजा होती, लांबलांबची माणसं आलेली. अक्का तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या, पहिलं पोर, कौतुक पोटात मावेना. जो विचारेल त्याला त्या सांगत होत्या, "नऊ पुरे झाले, दहावा लागला." त्याच आठवड्यात पोराला ताप भरला आणि सांगलीला न्यायच्या आत संपलं सगळं. तापानं गेलं, हे सगळ्यांना कळत होतं. अक्कांनाही कळत असणार. पण त्यांनी दोष आपल्या जिभेला दिला. त्यानंतर अरिहंत झाला, दोन मुली झाल्या, माझी दोन झाली, पण कुठल्याच लेकराचं पुरं वय त्या बाईच्या तोंडातनं बाहेर पडलं नाही. अशा माणसाला काय शिकवायचं.

मग अरिहंतचं लग्न झालं. सून आली प्रीती, सातारची, शिकलेली, हसरी. मला आवडली. तिला मुलगी झाली, ब्राह्मी. आणि घरात एक नवीनच खेळ सुरू झाला.

हल्लीच्या पोरी दर महिन्याला बाळाचा फोटो काढतात. चादर अंथरायची, बाळाला निजवायचं, शेजारी फुलांनी नाहीतर कशानंतरी महिन्याचा आकडा मांडायचा आणि तो फोटो मोबाईलच्या स्टेटसला लावायचा. प्रीतीनं आमच्याच हळकुंडांचा एक मांडला, मग दोन मांडला. तो आकडा अक्कांनी बघितला. "जगाला आकडा दाखवायचा व्हय?" म्हणाल्या आणि जेवल्या नाहीत. प्रीती बिचारी समजूतदार. तिनं तोड काढली. फोटो वेळच्या वेळी काढायचा, पण स्टेटसला लावायचा दोन महिन्यांनी. पोर आठ महिन्यांची झाली की सहाचा फोटो लोकांना दिसायचा. अक्का खूश, सून खूश. मी प्रीतीला म्हटलं, "शहाणी हायस बाई." खरंच म्हटलं होतं, टोमणा नव्हता.

ब्राह्मी गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची. बसली वेळेवर, रांगली वेळेवर. आईचं तोंड बघून हसायची, ओढणी धरून ओढायची. पण आवाज काढायची तो नुसता घशातला. बाबा नाही, दादा नाही, काही नाही. सुरुवातीला कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वर्षाची झाली, वाढदिवस घरातल्या घरात झाला, आणि खालच्या आळीतल्या बनुबाईनं प्रीतीला विचारलं, "काय काय बोलती गं?" बनुबाईचा नातू महिनाभरानं लहान आणि कडेवरनं बाबा, दादा करत गल्लीभर फिरायचा. प्रीती म्हणाली, "अजून दहाच महिन्यांची आहे हो."

तिथं मला पहिल्यांदा खटकलं. अक्का वय कमी सांगायच्या ते नजर लागू नये म्हणून. प्रीतीनं सांगितलं ते पोरगी मागं पडलेली दिसू नये म्हणून. हिशोब एकच, पण कारण बदललं. आणि सवलत एकदा हाताला लागली की माणूस हात आखडत नाही. दोनाचे तीन झाले, तिनाचे चार झाले. पोर पंधरा महिन्यांची असताना प्रीती लोकांना अकरा सांगायची, आणि मला वाटतं, रात्रंदिवस तेच सांगून सांगून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मी एकदा कुकर लावला होता. ब्राह्मी माझ्या स्वयंपाकघरात दाराकडं तोंड करून वाट्या मांडत बसलेली. कुकरची शिट्टी अशी झाली की माझ्याच हातातली पळी पडली. पोरीनं मान हलवली नाही. मी अरिहंतला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "काकू, मी तिसऱ्या वर्षी बोललो. आई सांगती की. आमच्यात उशीरच असतोय." मी म्हटलं, "बोलला नव्हतास, पण हाक मारली की बघत होतास. हे मी काय परक्याकडनं ऐकलंय का? डोळ्यांनी बघितलंय." तो मोटारसायकल काढून द्राक्षाच्या फवारणीला निघून गेला. प्रीतीपाशी बोलले तर तिच्या डोळ्यांत पाणी. अक्का पाटावर बसून शेंगा फोडत होत्या. खाली बघत म्हणाल्या, "लीला, पोर लहान हाय. उगं तोंडानं वंगाळ काढू नगंस."

मग साताऱ्याचं लग्न आलं, प्रीतीच्या चुलतभावाचं. मी गेले नाही, म्हैस व्यायला झाली होती. अक्का, अरिहंत, प्रीती अशी तिघं ब्राह्मीला घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली ती अशी आनंदात की मला वाटलं लग्नात लॉटरी लागली. बॉक्सभर जिलेबी आणलेली. प्रीतीचा एक आतेभाऊ लहान मुलांचा डॉक्टर आहे, तो पंगतीत शेजारी बसला होता. प्रीतीनं मोकळेपणानं त्याला विचारलं, पोरगी बोलत नाही, काळजीचं आहे का. त्यानं विचारलं, किती महिन्यांची. मग म्हणाला, एवढ्यात काळजी नको, अठराव्यापर्यंत वाट बघू, तोवर एकदोन शब्द आले नाहीत तर कान तपासून घे.

"बरोबरच बोलला की त्यो," मी म्हटलं. "पण तुमी त्याला किती महिने सांगितले?"

प्रीती जिलेबीचा बॉक्स बांधत होती, तिनं त्याची गाठ परत सोडली आणि परत बांधली. शेवटी म्हणाली, "चौदा."

ब्राह्मीला त्याच आठवड्यात अठरा पुरे झाले होते.

मी मग तोंड सोडलं. काय काय बोलले ते आता लिहायचं कारण नाही, पण जे बोलले त्यातला एक शब्दही मला मागं घ्यायचा नाही. डॉक्टरला कमी वय सांगायचं आणि त्यानं धीर दिला की जिलेबी खायची, ह्याला काय म्हणायचं? त्या डॉक्टरनं धीर दिला तो कुठल्यातरी दुसऱ्याच चौदा महिन्यांच्या पोरीला. आपल्या पोरीला त्यानं बघितलंच नाही. प्रीती रडत आत गेली. अरिहंत माझ्यावर चिडला. अक्का एवढंच म्हणाल्या, "मी दोन म्हनलं हुतं, प्रीती. चार कुनी म्हनलं?" आणि बाहेर जाऊन म्हशीपुढं वैरण टाकायला लागल्या. म्हशीपुढं वैरण आधीच होती.

त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं कमी झालं. एका अंगणात राहून न बोलणं सोपं नसतं. पण मी माझ्या हट्टाला पेटले होते आणि अरिहंत त्याच्या. असे दोन महिने गेले, वर आणखी काही दिवस गेले. पोर वाढत होती. पोरीचा महिना कुणासाठी थांबत नाही, ही एकच गोष्ट मला खायची.

एका दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. ब्राह्मी अंगणात पाठमोरी बसून मातीत बोटानं रेघा ओढत होती. अक्का आतनं स्टीलचं मोठं ताट घेऊन आल्या. मला वाटलं वाळवण घालायला आणलं असेल. त्या पोरीच्या मागं चार हातांवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ताट दारापुढच्या फरशीवर टाकून दिलं. म्हैस दचकली. वळचणीची कबुतरं उडाली. पोर रेघ ओढत राहिली. अक्कांनी वाकून ताट उचललं आणि परत टाकलं. मग त्या तशाच उभ्या राहिल्या, ताट तिथंच पडलेलं. मी ओसरीवर आहे हे त्यांना माहीत होतं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लीला, उद्या मिरजंला जायचं. तू चल."

मी एका शब्दानं टोचलं नाही. मला तेव्हा अक्कांची फार दया आली.

मिरजेच्या त्या दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर बायकाच बायका, प्रत्येकीच्या मांडीवर एक पोर. अशा ठिकाणी बायका एकमेकींना नाव विचारत नाहीत, आधी महिने विचारतात. "किती महिन्यांचं?" "तुमचं?" "माझं तेवढंच, पण ह्याला अजून दात न्हाईत." आमच्या शेजारच्या बाईनं प्रीतीला विचारलं. प्रीती पाण्याची बाटली शोधत बसली.

आत कान तपासणारी डॉक्टरीण होती, वयानं प्रीतीएवढीच. तिनं ब्राह्मीला चॉकलेटचा कागद दिला खेळायला आणि सहज विचारलं, "किती महिन्यांची आहे?"

आता सरळ सांगायचं की नाही? पण प्रीतीचं तोंडच उघडेना. तिनं अक्कांकडं बघितलं. सवय कशी असते बघा, डॉक्टरणीपुढं बसूनसुद्धा पोर सासूची परवानगी शोधत होती. मी तोंड उघडणार एवढ्यात अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"वीस पुरे झाले," अक्का म्हणाल्या. "एकविसावा लागला."

साधंच वाक्य. डॉक्टरणीनं लिहून घेतलं आणि पुढचं विचारायला लागली. तिला काय माहीत ह्या बाईनं काय केलं ते. एका पोराचं पुरं वय सांगितलं आणि ते पोर गेलं, असं जिनं सगळा जन्म मनात धरलं होतं, तिनं दुसऱ्याचं सांगितलं. अक्कांनी दुसऱ्या हातानं ब्राह्मीचं पाऊल घट्ट धरून ठेवलं होतं. पोरीनं ते दोनदा ओढून घेतलं, अक्कांनी परत धरलं.

पोरीला झोपवून तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार थोडं ऐकू येत होतं. अगदीच काही नाही असं नाही, पण माणसाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. जन्मापासनंच असणार, कुणाचा दोष नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. मशीनं लावली की ऐकेल, आणि शिकवलं की बोलेल. उशीर झालाय, पण लय नाही, अजून सहा महिन्यांनी आला असता तर अवघड होतं. प्रीती ओठ दाबून ऐकत होती. बाहेर आल्यावर ती अक्कांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि अक्का तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या. "चूक माझी हाय, तुझी न्हाई," एवढं म्हणाल्या. मी म्हटलं, "चूक कुनाची का असंना, आता गाडी गाठा."

त्यानंतरचा आठवडा मात्र अक्कांनी कसा काढला ते मी बघितलं. दहादा पोरीच्या कपाळाला हात लावायच्या. जरा गरम लागलं की मला हाक, "लीला, बघ गं." मी बघायची आणि म्हणायची, "उनातनं आली की पोर गरमच असतीया." मीठ-मोहरी उतरायची त्यांनी बंद केली नाही, मीही अडवलं नाही. मी रोज संध्याकाळी माझं काम टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसायची. भांडण वगैरे आमचं तिथंच संपलं. आठवडा गेला, पोरीला साधी शिंकसुद्धा आली नाही. पुढच्या सोमवारी अक्का हळदीच्या रानात गेल्या तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले.

मशीनं आली तेव्हा ब्राह्मी बाविसाव्यात होती. इवलीशी, कानामागं बसणारी. आम्ही सगळेच गेलो होतो, अरिहंतसुद्धा. डॉक्टरणीनं मशीनं बसवली, चालू केली, आणि अरिहंत म्हणाला, "ब्राह्मी." पोरगी थबकली. बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. आम्ही घाबरलो. डॉक्टरीण म्हणाली, "रडू दे. रडली म्हणजे ऐकू आलं." मग अरिहंतही रडला. आमच्यात उशीरच असतोय म्हणणारा हा, भिंतीकडं तोंड करून रडत होता.

तिथनं निघताना डॉक्टरणीनं एक गोष्ट सांगितली. म्हणाली, "आता हिची दोन वयं. एक जन्मापासनं, ते तुम्हाला माहीत आहे. दुसरं ऐकायला लागल्यापासनं. ते आज सुरू झालं. बोलायच्या बाबतीत हिला बाकीच्या पोरांशी तोलू नका. ऐकायचं वय धरा आणि तेवढ्या महिन्याचं बाळ काय करतं ते बघा."

अक्का लक्ष देऊन ऐकत होत्या. मग विचारलं, "मग लोकांनी इचारलं तर कंचं सांगायचं?"

"दोन्ही सांगा, आजी."

दर गुरुवारी प्रीती पोरीला घेऊन सांगलीला शिकवणीला जाते. तिथं बाई बोलायला शिकवतात, आणि आईला घरी कसं बोलायचं ते शिकवतात. आमच्या घरात आता सगळे ब्राह्मीच्या समोर बसून सावकाश, स्पष्ट बोलतात. अक्कांसारखी मुकी बाईसुद्धा. "ही बघ म्हस. म्हस वैरन खाती. ही बघ लीलाआज्जी. लीलाआज्जी लय बोलती." मला ऐकू येईल असं मुद्दाम म्हणतात.

परवाच्या गुरुवारी प्रीतीला बरं नव्हतं म्हणून अक्का आणि मी पोरीला घेऊन गेलो. परत येताना एसटीत गर्दी. अक्कांच्या शेजारी एक बाई बसली, चांगल्या घरची, हातात पिशव्या. ब्राह्मी तिच्या बांगड्यांना हात लावायला लागली तशी बाई कौतुकानं म्हणाली, "किती महिन्यांची हो नात?"

मी पुढच्या बाकावर होते. मी मागं वळले.

"सत्तावीस पुरे झाले," अक्का म्हणाल्या. "अठ्ठाविसावा लागला."

बाईनं पोरीच्या कानामागची मशीनं बघितली. मग तिच्या तोंडाकडं बघितलं. "नाव सांग बाळ तुझं," म्हणाली. ब्राह्मीनं "आब्बा" असं काहीतरी म्हटलं आणि परत बांगड्या धरल्या. बाई चुकचुकली. "अगं बाई, एवढी मोठी झाली आणि अजून काहीच बोलत नाही?"

माझं डोकं सणकलं. पण अक्का शांत. पदर सारखा करत म्हणाल्या, "आवं, ऐकाय लागून तिला पाचच म्हयने झाल्यात. पाच म्हयन्याचं पोर किती बोलतंय?"

मग बाईनं एक बांगडी काढून ब्राह्मीच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पुढचा थांबा आला. कंडक्टरनं दोरी ओढली, पुढं घंटी वाजली. ब्राह्मीनं बांगडी मांडीवर ठेवली आणि मान उंच करून, माणसांच्या खांद्यांमधनं, आवाज कुठनं आला ते शोधायला लागली. अक्कांनी तिला दोन्ही हातांनी उचलून उभं धरलं, नीट दिसावं म्हणून.